दुसरी किल्ली

सकाळचा चहा आणि डोक्यावरून जाणारे हेलिकॉप्टर या दोन गोष्टी आम्हा नाशिकरोडकरांच्या अंगवळणी पडल्या आहेत. गांधीनगरच्या धावपट्टीवरून लष्कराची छोटी ‘चीता’ आणि ‘चेतक’ हेलिकॉप्टरे उठतात, घरांवरून एक वळसा घालतात आणि पुन्हा तिथेच उतरतात. पाहुणे आलेले असले तर ते धावत गच्चीवर जातात. आम्ही फक्त टीव्हीचा आवाज वाढवतो.

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या सहा वर्षांच्या नातवाने गच्चीवर उभे राहून विचारले, “आबा, आत कोण असतं?”

“पायलट असतो,” मी म्हणालो.

“आणि?”

या ‘आणि’चे उत्तर मला चटकन देता आले नाही. ते देण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

त्याला आणखीही एक निमित्त आहे. बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला ऑडिटचा अहवाल दिसला की तो वाचल्यावाचून राहवत नाही, मग तो स्वतःच्या शाखेचा असो की दुसऱ्या कुणाचा. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यातले आकडे असे : फेब्रुवारी २०१५ मध्ये हवाई दलाला ४८६ वैमानिक कमी पडत होते. दरवर्षी २२२ प्रशिक्षणार्थी घ्यायचे ठरले. तेवढे काही घेता आले नाहीत आणि २०२१ च्या अखेरीस तूट ५९६ वर गेली. म्हणजे हप्ते भरूनही कर्ज वाढतच गेले. बँकेच्या भाषेत अशा खात्याला काय म्हणतात, ते वाचकांना सांगायला नको.

ते कात्रण घेऊन मी अण्णांकडे गेलो. अण्णा माझे आतेभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. हवाई दलात एकोणचाळीस वर्षे नोकरी करून २००७ साली ते मास्टर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी चष्मा लावून कात्रण वाचले, घडी घालून मला परत दिले आणि म्हणाले, “वैमानिक मोजलेत, बरं केलं. आम्हाला कधी मोजतात ते बघ.”

वॉरंट घेऊन येणारा माणूस

अण्णांचे गाव निफाड तालुक्यात. १९६८ साली अठराव्या वर्षी ते एअरमन म्हणून भरती झाले, बंगळूरजवळच्या जलाहळ्ळीला शिकले आणि इंजिन फिटर झाले. तिथून पुढची पायरी पायरीची वाट ठरलेली. एअरक्राफ्ट्समन, लीडिंग एअरक्राफ्ट्समन, कॉर्पोरल, सार्जंट. मग ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि सगळ्यात वर मास्टर वॉरंट ऑफिसर. लष्करात जो मान नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांना, तोच हवाई दलात या तिघांना. खांद्यावर पद येईपर्यंत डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागलेले असतात. कारण या पदाला वीस-वीस वर्षे लागतात.

सुभेदार म्हटले की आपल्याकडे कुणालाही कळते. शिवकाळापासूनचा शब्द. ‘वॉरंट ऑफिसर’ मात्र कळत नाही. अण्णांना बढती मिळाल्याचे पत्र घरी आले तेव्हा माझी आत्या घाबरून गेली होती. पोस्टमनने वाचून दाखवलेल्या पत्रात ‘वॉरंट’ हा एकच शब्द तिला ओळखीचा वाटला आणि तो कोर्टाचा होता. “कुणावर वॉरंट काढलंय?” असे विचारत ती शेजारी गेली. पुढे कितीतरी वर्षे गावात अण्णांची ओळख ‘वॉरंट बजावणारा साहेब’ अशीच होती. एका शेतकऱ्याने तर आपल्या बांधाच्या भांडणात त्यांना मध्ये घालण्याचाही प्रयत्न केला.

हसण्याची गोष्ट सोडली तरी मुद्दा उरतोच. नाव नसलेल्या माणसाचे काम दिसत नाही. नव्वदच्या दशकात निफाड तालुक्यातल्या एका शाखेत मी पेन्शनचे टेबल सांभाळत होतो. हवाई दलातून निवृत्त झालेले कितीतरी लोक महिन्याच्या एक तारखेला येत. इस्त्रीचा शर्ट, चकाकणारे बूट आणि पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत. व्हाउचरवर सही करण्यापूर्वी ते सगळे व्हाउचर वाचत. रांगेतले इतर खातेदार कंटाळत, मीही मनात चरफडत असे. छापील कागद, त्यात वाचायचे काय? एकदा न राहवून अण्णांना हे बोललो. त्यांनी मला काय सांगितले, ते पुढे येईलच.

फॉर्म ७००

बँकेतल्या कुठल्याही स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशिअरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एका किल्लीने तिजोरी उघडत नाही. कॅशिअर कितीही प्रामाणिक असो आणि मॅनेजर कितीही मोठा असो, दुसरा माणूस येईपर्यंत दोघांनाही ताटकळावेच लागते. आम्ही त्याला ‘जॉइंट कस्टडी’ म्हणत असू. नोकरी लागल्यावर पहिल्या आठवड्यात मला हा अविश्वास वाटला होता. पंधरा वर्षांनी कळले की तो अविश्वास नसून आधार आहे.

लष्करी विमानालाही अशा दोन किल्ल्या असतात. फरक इतकाच की त्या सहीच्या असतात. हवाई दलात प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, तिला ‘फॉर्म ७००’ म्हणतात. ब्रिटिशांच्या काळापासूनचे हे नाव. विमान किती तास उडाले, काय बिघडले, काय बदलले, इंधन किती भरले, हे सगळे त्यात. उड्डाणाआधी इंजिनवाला इंजिन तपासून सही करतो, सांगाडा पाहणारा सांगाड्याची करतो, वीज, उपकरणे, शस्त्रे ज्याची त्याची सही वेगळी. त्यांच्यावर देखरेख करणारा अनुभवी माणूस, बहुतेक वेळा वॉरंट ऑफिसर, सगळे पाहून आपली सही करतो. मगच वैमानिक येतो, वही वाचतो, विमानाभोवती फिरून पाहतो आणि ‘विमान ताब्यात घेतले’ अशी सही करून शिडी चढतो. वैमानिक विंग कमांडर असला तरी ती वही पुरी झाल्याशिवाय शिडीला हात लावत नाही.

“म्हणून आम्ही वाचल्याशिवाय सही करत नाही,” अण्णा म्हणाले होते. “तुझ्या व्हाउचरवर चुकीची सही झाली तर पैसे जातील. ते परत आणता येतात.”

अण्णांनी सांगितलेली एक हकिगत मला कादंबरीत घालायची होती, जमली नाही. येथे सांगून टाकतो. हँगरमध्ये हत्यारांची एक फळी असते. प्रत्येक पान्याची, प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हरची आकृती तिच्यावर रंगवलेली. काम संपले की हत्यार आपल्या आकृतीवर परत गेलेच पाहिजे. एका संध्याकाळी एक आकृती रिकामी राहिली. बोटाएवढा एक पाना. दुसऱ्या दिवशी पहाटे ती विमाने उडायची होती. अण्णांनी त्या दिवशी हात लागलेली तीनही विमाने अडवली. रात्रभर बॅटऱ्या घेऊन दहा माणसे विमानांच्या पोटात शिरली. एक तरुण अधिकारी येऊन वैतागून गेला. बोटाएवढ्या पान्यासाठी उद्याचा सराव बुडवायचा का, हा त्याचा प्रश्न. अण्णा म्हणाले, “सर, पाना छोटाच आहे. पण तो कंट्रोलच्या दांड्यात अडकला तर तो तुमच्याएवढा होईल.”

पहाटे चारला एक नवीन पोरगा पुढे आला. पाना त्याच्याच डांगरीच्या आतल्या खिशात होता. जेवायला जाताना राहिला आणि शोध सुरू झाल्यावर बोलायची हिंमत झाली नाही. सगळ्यांना वाटले, आता याचे काही खरे नाही. अण्णांनी पाना फळीवर लावला, वहीत वेळ नोंदवली आणि त्याला चहा दिला. “का?” मी विचारले. “अरे, त्याला त्या रात्री झोडपला असता तर पुढच्या वेळी पाना सापडलाच नसता. चूक सांगणारा माणूस मला हवा होता. चूक न करणारा मला अजून भेटायचाय.” त्या पोराला शिक्षा झालीच नाही असे नाही. नियमाप्रमाणे झाली. पण पुढे तोही वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाला आणि अजून दर दिवाळीला अण्णांना फोन करतो.

दुसरी हकिगत अण्णा स्वतःहून सांगत नाहीत. ती मला वहिनींकडून कळली. उत्तरेकडच्या एका तळावर असताना अण्णांनी सही केलेले एक लढाऊ विमान परत आले नाही. वैमानिक सव्वीस वर्षांचा. सकाळी त्याने फॉर्मवर सही केली, ‘चहा ठेवा’ म्हणून हात केला आणि गेला. विमान पडले की पहिली गोष्ट कुठली होते? त्या विमानाची सगळी कागदपत्रे तत्काळ ताब्यात घेतली जातात. कुणी नंतर खाडाखोड करू नये म्हणून. अण्णांसमोरून ती वही उचलून नेली गेली, तिच्यात त्यांच्या हाताची ताजी सही होती. चौकशी पुरी होईपर्यंत अण्णा रोज कामावर गेले, रोज इतर विमानांवर सह्या केल्या आणि रात्री अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिले. मनातल्या मनात ते त्या सकाळचा प्रत्येक नट पुन्हा पुन्हा आवळून पाहत होते, असे वहिनी म्हणाल्या. शेवटी निष्पन्न झाले की इंजिनात पक्षी गेला होता. कुणाचाही दोष नव्हता.

“सुटलो, असं वाटलं असेल,” मी अण्णांना विचारले.

“मी सुटलो. तो पोरगा नाही सुटला,” ते म्हणाले आणि उठून झाडांना पाणी घालायला गेले.

हवाई शिपाई ते एअर व्हाइस मार्शल

सही करणाऱ्या माणसाने स्वतः विमान का उडवू नये? हा प्रश्न मला पडला तसा जगात अनेकांना पडला आहे. आणि आपल्या हवाई दलाच्या आरंभीच त्याला एका माणसाने आपल्यापुरते उत्तर दिले आहे.

भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडला उभी राहिली. चार ‘वापिटी’ विमाने आणि मूठभर माणसे. वैमानिक इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला शिकून आलेले. विमानांची देखभाल करणारे मात्र ‘हवाई सिपाही’. लाहोरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला हरजिंदर सिंग नावाचा एक तरुण शिपाई म्हणून त्यांच्यात दाखल झाला. चांगली नोकरी मिळाली असती असा माणूस हातात पाना घेऊन उभा राहिला. कारण ‘भारतीयांना विमान सांभाळता येणार नाही’ हे त्याला खोटे पाडायचे होते. हरजिंदर सिंग वॉरंट ऑफिसर झाले. १९४२ च्या ब्रह्मदेशच्या लढाईत ‘लायसँडर’ या संथ टेहळणी विमानांखाली बॉम्ब लावण्याची सोय करण्यात त्यांचे डोके आणि हात होते. त्याच वर्षी ते अधिकारी झाले. पुढे वैमानिकाचे पंखही त्यांनी मिळवले आणि एअर व्हाइस मार्शल होऊन हवाई दलाच्या सबंध देखभाल विभागाचे प्रमुख झाले. कानपूरला ‘एव्ह्रो’ विमान बांधले गेले त्यामागे त्यांचाच ध्यास होता.

एक वॉरंट ऑफिसर कुठवर जाऊ शकतो, याचे हे उत्तर. पण हरजिंदर सिंग दार उघडून आत गेले आणि दार त्यांच्यामागे पुन्हा लोटले गेले. आजवरचा आपला रिवाज असा की सुकाणू हातात घेणारा कमिशन मिळालेला अधिकारीच असतो. एअरमनला अधिकारी होण्याची वाट नाही असे नव्हे. जवानांतून अधिकारी घडवणारे आर्मी कॅडेट कॉलेज आहे, ते तिन्ही दलांच्या जवानांना खुले आहे आणि १९७७ पर्यंत तर ते आपल्या पुण्यातच होते. अण्णांना मी विचारले, तुम्ही का नाही अर्ज केला? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कुणाला विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं. निफाडहून गेलेल्या पोराला ते दार आहे हे दिसलंच नाही. दिसलं तेव्हा वय निघून गेलं होतं.”

जिथे वॉरंट ऑफिसर उडवतात

परदेशात हे दार उघडे ठेवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कितीतरी लढाऊ विमानांत सार्जंट बसलेले असत. १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये सर्वाधिक विमाने पाडणाऱ्यांत जिंजर लेसी हा सार्जंट होता. ब्रिटिश लष्करात आजही सार्जंट आणि वॉरंट ऑफिसर हेलिकॉप्टर उडवतात.

अमेरिकेच्या लष्करात तर हेलिकॉप्टरचा मुख्य वैमानिक म्हणजे वॉरंट ऑफिसर. व्हिएतनामच्या युद्धात हजारोंनी वैमानिक लागले, तेव्हा शाळा संपवून आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना थेट ही वाट देण्यात आली. त्यामागचा विचार व्यवहारी आहे. कमिशन्ड अधिकारी जसजसा वर चढतो तसतसा विमानापासून दूर जातो. मेजर झाला, कर्नल झाला की फायली, बैठका, बदल्या. वॉरंट ऑफिसरने मात्र आयुष्यभर उडवत राहावे, हेच त्याचे काम. आमच्या बँकेत उत्तम कॅशिअरला बढती देऊन वाईट मॅनेजर करण्याची जुनी परंपरा होती. तिच्यावर हा उतारा.

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत होते. तेव्हा आपले हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये उतरवणारा ह्यू थॉम्प्सन हाही चोवीस वर्षांचा वॉरंट ऑफिसरच होता. त्याने आपल्याच सैन्यापुढे उभे राहून काही जीव वाचवले. तीस वर्षांनी, १९९८ साली त्याला पदक मिळाले. हाती सुकाणू यायला मोठे पद लागत नाही आणि विवेक जागा असायलाही लागत नाही, एवढे यावरून कळते.

मग आपल्याकडची तूट भरून काढायला हाच मार्ग का नको? इथे माझ्यातल्या बँकवाल्याने मला थोडे थांबवले. कर्ज थकले की कारण आधी शोधायचे असते. आपल्याकडे उडायला तयार असलेल्या मुलामुलींचा तुटवडा नाही. अडले आहे ते शिकवण्यात. हवाई दलात पहिले धडे ज्या ‘दीपक’ विमानांवर गिरवले जात ती अपघातांनंतर २००९ साली जमिनीवर बसली. स्विस बनावटीची ७५ ‘पिलाटस’ विमाने २०१३ पासून आली. पण तेवढी पुरत नाहीत आणि त्यांतल्या काही विमानांच्या तेलगळतीची नोंद त्याच लेखापरीक्षण अहवालात आहे. शिकाऊ विमाने आणि शिक्षक कमी असतील तर रांगेत सार्जंट उभा केला काय आणि पदवीधर उभा केला काय, खिडकी एकच आहे. अमेरिकेच्या हवाई दलालाही वैमानिक कमी पडतात. त्यांनी २०२४ साली वॉरंट ऑफिसर हे पद पुन्हा सुरू केले, पण ते संगणक आणि सायबर सुरक्षेसाठी. विमान त्यांच्या हाती दिलेले नाही. म्हणजे हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

ती खिडकी मोठी करण्याचे काम मात्र आपल्या नाशिकलाच चालले आहे. यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, तेव्हा ते देशाचे संरक्षणमंत्री होते. त्यांच्याच काळात ओझरला ‘मिग’चा कारखाना आला. ज्या ‘मिग-२१’ने ओझरला नाव दिले त्याने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप घेतला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या हिंदुस्थान एरॉनॉटिक्समध्ये ‘तेजस’च्या आणि त्याबरोबरच ‘एचटीटी-४०’ या शिकाऊ विमानाच्या नव्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. हवाई दलाने अशी ७० शिकाऊ विमाने मागवली आहेत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ‘तेजस’चे फोटो पाहिले. तूट भरून काढायला हातभार लावणार आहे ते शेजारचे साधे, पंख्याचे विमान, त्याच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. अण्णांच्या जातकुळीतले आहे ते.

मागच्या आसनावरचे

आता नातवाच्या ‘आणि’कडे येतो. आपल्याकडे वॉरंट ऑफिसर सुकाणू धरत नाहीत, पण ते उडत नाहीत असे मात्र नाही. हवाई दलाच्या ‘एमआय-१७’ हेलिकॉप्टरमध्ये दोन वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनिअर आणि फ्लाइट गनर असतात. ते एअरमन किंवा वॉरंट ऑफिसर असतात. पुरात गच्चीवर अडकलेल्या बाईला दोराने वर घेणारे हात वैमानिकाचे नसतात, यांचे असतात.

८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर कोसळले आणि जनरल बिपिन रावत गेले, ते साऱ्या देशाला आठवते. त्या हेलिकॉप्टरच्या चौघा कर्मचाऱ्यांत विंग कमांडर पृथ्वीसिंह चौहान आणि स्क्वाड्रन लीडर कुलदीप सिंह यांच्याबरोबर दोन ज्युनिअर वॉरंट ऑफिसर होते. ओडिशाचे राणा प्रताप दास आणि केरळचे ए. प्रदीप. २०१८ च्या केरळच्या महापुरात प्रदीप आपल्याच राज्यातल्या माणसांना वाचवायला गेले होते. बातम्यांत दोघांची नावे शेवटी होती. अण्णांनी तो दिवसभर टीव्हीसमोरून हलले नाहीत आणि शेवटची ती दोन नावे आली तेव्हा उभे राहिले.

वैमानिक घडवायला काही वर्षे आणि काही कोटी रुपये लागतात, म्हणून त्याची तूट मोजली जाते, अहवालात छापली जाते. वॉरंट ऑफिसर घडवायला वीस वर्षे लागतात. तो विकत घेता येत नाही, बाहेरून आणता येत नाही आणि घाईने तयार करता येत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून ‘आज हे बरं नाही’ असे सांगणारा कान वीस हिवाळे हँगरमध्ये काढल्यावर तयार होतो. ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोत अण्णांनी शेवटची वर्षे काढली. तिथे ‘मिग-२९’ सांध्या-सांध्यांतून सोडवून, एक एक भाग तपासून पुन्हा बांधले जायचे. २०१८ पासून त्याच डेपोतून ‘सुखोई’ही नव्यासारखी होऊन बाहेर पडू लागली. ती यंत्रे पुस्तकांवर चालतात तशीच या कानांवरही चालतात.

अण्णांची काळजी इथेच आहे. २०२२ पासून ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी भरती होते आणि त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम ठेवले जातात. “पोरं चांगली आहेत, आमच्यापेक्षा हुशार आहेत,” अण्णा म्हणतात. “चार वर्षांत फिटर होतो. वॉरंट ऑफिसर व्हायला उरलेली सोळा वर्षं लागतात. जे राहतील त्यांना ती नीट द्या, एवढंच.” त्यांनी तक्रार केली नाही. सूचना केली, तीही वही पुरी करावी तशी.

पालकाची सही

माझे मत विचाराल तर वॉरंट ऑफिसरच्या हाती सुकाणू द्यावे की नाही, हे जाणकारांनी ठरवावे. पण दार असले पाहिजे आणि ते निफाडच्या पोराला दिसले पाहिजे. एखादा हरजिंदर सिंग दर पिढीत जन्मत असणारच. तो अर्ज कुठे करायचा हे माहीत नसल्यामुळे पाना हातात घेऊनच निवृत्त होत असेल, तर ती तूट ५९६ मध्ये धरलेली नाही.

परवा अण्णांकडे गेलो तेव्हा त्यांची नात एन.सी.सी.चा अर्ज भरत बसली होती. ती कॉलेजसाठी आजी-आजोबांकडे राहते. अभिलाषा बराक यांना गांधीनगरच्या लष्करी विमानविद्या शाळेत मे २०२२ मध्ये पंख मिळाले आणि त्या लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक झाल्या. तेव्हापासून हिच्या खोलीच्या भिंतीवर तो फोटो आहे. तो फोटो जिथे काढला ते ठिकाण तिच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. हिला उडायचेच आहे.

“आजोबा, इथं पालकाची सही हवी,” तिने अर्ज पुढे केला. “लवकर करा ना, क्लास आहे.”

अण्णांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. नात घड्याळाकडे बघत उभी. एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले. रक्तगटाचा रकाना रिकामा होता. त्यांनी अर्ज तिच्याकडे परत केला. तिने उसासा टाकून तो भरला, पुन्हा दिला. मग त्यांनी उरलेले वाचून काढले, पान उलटून मागची बाजू पाहिली आणि शेवटी सावकाश, सुवाच्य अक्षरात सही केली. खाली तारीख घातली. वेळही घातली.

“वेळ कशाला?” ती हसून म्हणाली.

“सवय,” अण्णा म्हणाले. ती जिना उतरून जाईपर्यंत ते गॅलरीत उभे होते. तिची स्कूटर कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तरी ते काही वेळ तिथेच होते.